दोन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त का चढतं?

पत्र

आदरणीय बाई,

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत सहा वर्षं विज्ञान शिकवतोय. सातवीच्या वर्गात 58 मुलं आहेत. गेल्या वर्षी प्रशिक्षणात सांगितलं की मुलांना आयती उत्तरं देऊ नका, त्यांना प्रश्न पडू द्या, उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या. मनापासून पटलं. हवेच्या पाठाला परातीत पाणी, मधे मेणबत्ती आणि वर काचेची बरणी असा प्रयोग केला. पाणी वर चढलं. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक-पंचमांश चढलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, मी घरी दोन मेणबत्त्या लावून केलं. पाणी जास्त चढलं. दोन मेणबत्त्यांनी ऑक्सिजन जास्त कसा होईल?" वर्ग हसला. मला उत्तर सुचेना. "नीट केलं नसशील," म्हणून मी त्याला खाली बसवलं. तेव्हापासून तो हात वर करत नाही.

इकडे मुख्याध्यापक म्हणतात, तुमचे दोन पाठ मागे आहेत. पालक म्हणतात, वही कोरी दिसते. मुलांना मोकळं सोडलं तर गोंधळ होतो, नाही सोडलं तर अर्धा वर्ग जांभया देतो. बाई, ही पद्धत आपल्यासारख्या शाळांत खरंच चालते, की प्रशिक्षणापुरतीच बरी?

– एक विज्ञान शिक्षक

उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मागच्या बाकावर बसला आहे. मुख्याध्यापक आणि पालक थोडे थांबू देत. आधी त्याचं बघू.

तो बरोबर होता. दोन मेणबत्त्यांनी पाणी जास्त चढतं, तीन लावल्या तर आणखी चढतं. आणि तुम्ही जे सांगितलंत ते चूक होतं. फार मनाला लावून घेऊ नका, तेच वाक्य मी अकरा वर्षं फळ्यावर लिहिलं आहे. माझी तर पुढची पायरी होती. मी मुलांना बरणीला पट्टी लावून मोजायला सांगायची, आणि ज्या गटाचं पाणी एक-पंचमांशाच्या वर किंवा खाली राहील त्यांच्या प्रयोगवहीत लाल शाईने 'प्रायोगिक चूक' असा शेरा मारायची. चूक कोणाची होती ते मला फार उशिरा कळलं.

बरणीत काय घडतं ते आधी पक्कं करून घेऊ, कारण आपल्यालाच धड ठाऊक नसेल तर वर्गात प्रश्न मोकळा सोडायचं धाडस होत नाही. जळत्या मेणबत्तीवर बरणी उतरवताना आपण ज्योतीभोवतीची तापलेली, फुगलेली हवा आत कोंडतो. काठाशी नीट लक्ष ठेवलं तर सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा बाहेर निसटतानाही दिसतो. मग ज्योत विझते, आतली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब परातीतलं पाणी आत ढकलतो. मेण जळताना झालेली वाफ काचेवर दवासारखी जमते, तीही थोडी जागा मोकळी करते. मेणबत्त्या वाढवल्या की हवा जास्त तापते, म्हणून निवल्यावर जास्त आकसते. तुमच्या विद्यार्थ्याने घरच्या परातीत हेच पाहिलं.

ऑक्सिजन खर्च होतोच, पण सगळा नाही. हवेत तो साधारण 21 टक्के असतो, तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती मान टाकते. जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बरीचशी जागा परत भरून काढतो. मग ते सुबक एक-पंचमांश कुठून येतं? निव्वळ योगायोगाने. गणित करून बघा: 27 अंश सेल्सिअसची हवा 102 अंशांपर्यंत तापली तर ती सव्वापट फुगते, कारण 300 केल्व्हिनचे 375 झाले. ती पुन्हा निवली की व्यापलेल्या जागेतली बरोबर एक-पंचमांश जागा सोडते. योगायोग इतका सोयीचा की आपल्या कित्येक पिढ्या त्यावर निवांत राहिल्या.

आता सोमवारच्या तासिकेबद्दल. वर्गात जाऊन त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगा, "त्या दिवशी तू जे सांगितलंस ते मी करून पाहिलं. तुझं बरोबर आहे, माझं चुकलं होतं." मात्र त्याआधी रविवारी घरी खरोखर करून पाहा, नाहीतर ते वाक्य खोटं ठरेल. एवढंच बोला. मोठी माफी नको, भाषण तर नकोच. मुलं त्या क्षणी काय शिकतात हे मी कुठल्याही प्रगतिपुस्तकात लिहू शकलेले नाही. आणि कारण लगेच सांगू नका. इथेच आपली जीभ वळवळते, सर. उत्तर नुकतंच कळलेलं असतं आणि कधी एकदा सांगून मोकळे होतो असं होतं.

त्याऐवजी परात टेबलावर ठेवा, पाण्यात थोडी नीळ टाका म्हणजे मागच्या बाकापर्यंत दिसेल. पंखे बंद करा. मेणबत्ती पेटवण्याआधी प्रत्येकाला वहीत दोन ओळी लिहायला सांगा: पाणी कधी चढेल, ज्योत जळत असताना की विझल्यावर? आणि तुला तसं का वाटतं? मग हात वर करायला लावून फळ्यावर आकडे मांडा. विझल्यावर म्हणणारे इतके, जळताना म्हणणारे इतके. अंदाज लिहून झाला की मूल त्यात अडकतं, त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. नुसतं "बघा हं मुलांनो" म्हटलं की 58 पैकी दहाजण बघतात. पैज लागली की सगळे बघतात.

मग पेटवा, झाका आणि गप्प राहा. ऑक्सिजन संपत जातो म्हणून पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढत गेलं पाहिजे. पण ते चढतं मुख्यतः विझता विझता आणि विझल्यावर, तेही झपकन. ही एक गोष्ट मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की जुनं उत्तर त्यांच्याच हातून मोडतं. दोन आणि तीन मेणबत्त्यांचा प्रयोग त्या मुलाकडून करवून घ्या. मग विचारा, "ज्योत न लावता पाणी चढवता येईल का?" या प्रश्नावर माझ्या वर्गात एकदा पूर्ण मिनिटभर शांतता होती. मग एका मुलीने बाटली गरम पाण्यात बुडवून परातीत पालथी घालायची कल्पना काढली. पाणी चढलं, आणि काडीही पेटवलेली नव्हती. (तुम्ही कराल तेव्हा बाटली झाकण लावून बाहेरूनच तापवा आणि पालथी घालतानाच झाकण काढा. गरम पाणी आत गेलं तर वाफेचाही हिशेब मांडावा लागतो आणि उगाच फाटे फुटतात.)

त्या मिनिटभर शांततेबद्दल थोडं बोलते, कारण ही सगळी पद्धत माझ्या मते तिथे टिकते किंवा कोसळते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. सरासरी एक सेकंद. एक सेकंदात मूल फक्त पाठ केलेलं सांगू शकतं. शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. याला ना प्रयोगशाळा लागते, ना अनुदान. मी मनात 'एक कोल्हापूर, दोन कोल्हापूर, तीन कोल्हापूर' असं म्हणायची. पहिले आठ दिवस जीव जातो, मग सवय होते.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे. चालते का? चालते, पण तुम्हाला प्रशिक्षणात जशी सांगितली तशी नाही. 'मुलांना उत्तरं देऊ नका' हा अर्धवट सल्ला आहे. सोडियमची संज्ञा त्याच्या लॅटिन नावावरून आली हे मूल सात जन्म शोधत बसलं तरी सापडणार नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हेही शोधू द्यायचं नसतं. नावं, संज्ञा, एकके, सुरक्षिततेचे नियम सरळ सांगा, पाठ करून घ्या, चाचणी घ्या. 2006 साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी एक बराच गाजलेला लेख लिहिला, त्यांचं म्हणणं असं की नवख्या विद्यार्थ्याला फारसं मार्गदर्शन न देता सोडून दिलं तर तो कमी शिकतो, कारण डोक्यात एका वेळी मावतं तेच थोडं. शोधातून शिकवण्याच्या बाजूची मंडळी या लेखावर चिडली. मला मात्र तो वाचताना माझा 1990च्या आसपासचा वर्ग आठवला: आठ गट, आठ चुंबक, 35 मिनिटं दंगा आणि शेवटी कोणालाच काही नाही.

म्हणून मुलांच्या हातात किती द्यायचं हे पायरीपायरीने ठरवायचं असतं. सगळ्यात खालच्या पायरीवर प्रश्नही आपला, कृतीही आपली आणि उत्तरही आधीच ठाऊक, मूल फक्त पडताळा घेतं. पाठ्यपुस्तकातलं 'करून पहा' आपण बहुतेक असंच करतो. खरं सांगायचं तर करतही नाही, वाचून दाखवतो. पुढच्या पायरीवर प्रश्न आणि कृती आपली, पण उत्तर झाकलेलं. त्यापुढे प्रश्न आपला, कृती मुलांनी आखायची. आणि शेवटी प्रश्नच मुलांचा. प्रशिक्षणात तुम्हाला थेट शेवटच्या पायरीवर उभं केलं आणि 58 मुलांना घेऊन तुम्ही तिथून कोसळलात. तुमचा तो विद्यार्थी मात्र घरच्या परातीपाशी एकटाच तिथपर्यंत चढला होता. बाकीच्यांसाठी दुसरी पायरी पुष्कळ झाली. पुस्तकातलंच 'करून पहा' घ्या, त्याच्या खालचं निष्कर्षाचं वाक्य कागदाने झाका, आधी अंदाज लिहून घ्या. झाली सुरुवात.

आणि हे रोज नाही. एका सत्रात तीन-चार पाठ निवडा, जिथे मुलांच्या डोक्यात आधीच एखादी पक्की पण चुकीची कल्पना बसलेली असते. हवेचं आकसणं हा एक. विजेचा दुसरा: दिव्यातून गेल्यावर वीज 'कमी' होते असं मोठ्यांनाही वाटतं. तिसरा झाडाचा. झाडाचं लाकूड कुठून आलं असं विचारलंत की वर्ग एकसुरात म्हणेल, मातीतून. मग त्यांना व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगा. या फ्लेमिश वैद्याने 200 पौंड वाळवलेल्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. तो म्हणाला, म्हणजे झाड पाण्याचं बनलं! त्याचाही निष्कर्ष अपुरा होता, हवेचा त्याने विचारच केला नाही. मुलांना हे फार आवडतं. इतका हुशार माणूस, पाच वर्षं खपला आणि तरी फसला. तो कुठे फसला ते शोधायला लावा. उरलेले पाठ शिकवा नेहमीसारखे, खडू-फळ्याने, चांगले. चांगलं समजावून सांगणं ही लाज वाटायची गोष्ट नाही.

मुख्याध्यापकांचं. त्यांच्याकडे 'ज्ञानरचनावाद' (मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं हा विचार) हा शब्द घेऊन जाऊ नका. तो शब्द आपल्याकडे इतका वापरून झिजला आहे की वर्गाची फरशी रंगवली म्हणजे तो आला असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांच्याकडे कागद घेऊन जा. वार्षिक नियोजनात या चार पाठांना प्रत्येकी एक तासिका जास्त दाखवा आणि ती कुठल्या पाठातून वाचवली तेही लिहा. टाचणात, म्हणजे पाठाच्या आखणीच्या वहीत, प्रश्न आणि अपेक्षित अंदाज नोंदवा. शिवाय सातवीला आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे लेखी परीक्षेबाहेर वर्गातल्या कामावर द्यायचे, 40 गुण तुमच्याच हातात आहेत, आणि त्याच्या साधनांत प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प हे सगळं आहेच. एरवी आपण ते रकाने सत्राच्या शेवटी एका बैठकीत अंदाजे भरून टाकतो (मीही भरले आहेत, आता निवृत्त झाले म्हणून बोलते). या चार पाठांतून ते रकाने खरे भरता येतील.

पालकांची तक्रार मला अर्धी रास्त वाटते. वही कोरी असू नये. अंदाज, काय दिसलं, काय वाटलं होतं आणि काय निघालं, एवढं मुलांच्या शब्दांत वहीत यायला हवं. अशुद्ध लिहिलं तरी चालेल. आणि शेवटी तुम्ही स्वतः, स्वच्छ भाषेत, चार ओळींचा खुलासा लिहून द्या. प्रश्न उघडा ठेवून घंटा वाजली तर बिघडत नाही, उलट मुलं मधल्या सुट्टीत भांडतात. पण आठवड्याभरात तो मिटला पाहिजे. नाहीतर हुशार मुलं घरून उत्तर विचारून येतात आणि बाकीची तशीच राहतात.

58 मुलांचं काय? सगळ्यांच्या हातात मेणबत्ती देऊच नका, लांब वेण्या आणि ज्योत हे गणित मला कधी आवडलं नाही. टेबलावर एकच परात, पण अंदाज सगळ्यांचा. हाताने करायचं असेल तेव्हा आग नसलेले प्रयोग निवडा. साहित्य नाही म्हणाल तर अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली शेकडो खेळणी पाहा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट मिळतात.

तुम्ही विचारलंत, 'आपल्यासारख्या शाळांत'. त्या शब्दांत एक उसासा ऐकू आला म्हणून सांगते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 खेडेगावच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, 1982 पासून एकलव्य या संस्थेने पुढे नेला. सरकारी शाळा, साधे शिक्षक, किटमध्ये स्वस्तातलं साहित्य. अरविंद गुप्तांना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा खेळ तिथेच सुचला. मुलांना पडलेले प्रश्न ती 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पोस्टाने पाठवत आणि तिकडून खरोखर उत्तर येई. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि हाताने प्रयोग करून दाखवावा लागे. शेकडो शाळांत पोचलेला हा कार्यक्रम 2002 साली राज्य सरकारने बंद केला. बंद झाला हेही सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला परीकथा विकते आहे असं होईल. पण तीस वर्षं चालला तो एका गोष्टीच्या जोरावर: शिक्षक दर महिन्याला एकत्र बसायचे आणि वर्गात काय फसलं ते एकमेकांना सांगायचे. तुम्हाला प्रशिक्षणापेक्षा त्याची गरज आहे. तुमच्या केंद्रातला, म्हणजे आसपासच्या शाळांतला, एखादा विज्ञान शिक्षक गाठा, एकच पुरे. महिन्यातून एकदा चहाला बसा आणि एकमेकांच्या पराती एकमेकांना दाखवा.

शेवटचं. मेणबत्तीचं जुनं उत्तर मोडलं की कोणीतरी विचारणारच, "मग हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो हे कळलं कसं?" बहुधा तोच मुलगा विचारेल. त्याला हे काम द्या. परीक्षानळी आतून ओली करायची, तळाशी लोखंडाचा चुरा चिकटवायचा, ती पाण्याच्या भांड्यात पालथी उभी करायची आणि पाण्याच्या पातळीला खूण करायची. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि त्या बदल्यात कुठलाही वायू सोडत नाही. रोज मधल्या सुट्टीत पातळीची नोंद करायची. चार-पाच दिवसांनी पाणी नळीच्या साधारण एक-पंचमांशावर येऊन थांबतं, आणि पुढे कितीही वाट पाहिली तरी हलत नाही. चुरा दुप्पट घालून दुसरी नळी शेजारी ठेवायला सांगा, तो नाही सांगितलं तरी ठेवेलच. घरातली भांड्यांची चकचकीत तारेची घासणी घेऊ नका, ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, महिनाभर गंजत नाही. गावातल्या लेथवाल्याकडे चुरा फुकट मिळेल, पण त्याला तेल लागलेलं असतं. ते सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुऊन काढा, नाहीतर आठवडाभर पाणी तसूभर चढणार नाही आणि 58 मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.